‘मानू या’ असे म्हणण्यापूर्वी

दिवाळी अंकात बीजगणितावरचा लेख म्हणजे फराळाच्या ताटात सुपारीचे खांड, असे संपादकांना क्षणभर तरी वाटले असणारच. तरीही त्यांनी जागा दिली, म्हणून प्रारंभीच एक खुलासा करतो. हा लेख गणिताचा नाही, पुस्तकांचा आहे. कविता, कादंबरी, नाटक ह्यांची परीक्षणे आपण वर्षभर वाचतो. पण घरोघरची मुले ज्या पुस्तकापुढे वर्षभर मान खाली घालून बसतात, त्या पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करावे असे कोणाच्या मनात येत नाही. त्यालाही लेखक असतो, त्यालाही शैली असते, आणि त्याचेही काही वेळा वाचकाशी खोटे वागणे होते. मी उभा जन्म बीजगणित शिकविण्यात घालविला. त्या विषयातील एका पानाचे, किंबहुना त्या पानावरच्या एकाच वाक्याचे परीक्षण मला येथे करावयाचे आहे.

ते वाक्य अकरावीत येते. दहावीपर्यंत मुलाला सांगितलेले असते, की वर्गसमीकरण सोडविताना वर्गमुळाखाली ऋण संख्या आली की ‘वास्तव मुळे नाहीत’ असे लिहावे आणि खाली रेघ मारावी. अकरावीत तीच रेघ खोडली जाते. पुस्तके निरनिराळी असली तरी वाक्याचा आशय एकच असतो. कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण नसतो. म्हणून ज्या संख्येचा वर्ग उणे एक आहे अशी संख्या सापडत नाही. तेव्हा अशी एक संख्या आहे असे मानू या, तिला ‘आय’ म्हणू या, आणि अशा संख्यांना काल्पनिक संख्या हे नाव देऊ या. झाले! पुढच्या ओळीपासून उदाहरणे सुरू होतात.

१९८८ साली मी हे वाक्य फळ्यावर लिहीत होतो. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी तेव्हा मी शिकवीत असे. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, नसलेली गोष्ट नुसती मानायचीच असेल, तर शून्याने भागलेलं पण मानून टाकू ना! एक भागिले शून्य म्हणजे ‘के’. त्यालाच का बंदी?”

वर्ग हसला. मलाही हसू आले आणि हसण्यामागून राग आला. कारण मला उत्तर सुचले नाही. “परीक्षेत विचारत नाहीत ते. बस खाली,” असे मी म्हणालो. तो बसला. पुढे वर्षभर त्याने प्रश्न विचारला नाही. मार्च महिन्यात तो बऱ्यापैकी गुणांनी उत्तीर्ण झाला, आणि त्या पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने आम्हा दोघांचेही काम चोख झाले होते.

त्या मुलाचा प्रश्न किती जुना आणि किती घरचा होता, हे मला फार उशिरा उमगले. आमच्या गावाहून चाळीसगावजवळचे पाटण लांब नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव ह्याने मठ स्थापन केला, असे सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तेथील देवळात आहे. दरवर्षी सहलीला मी मुलांना तो दाखवीत असे आणि छाती फुगवून भास्कराचार्यांचा गौरव करीत असे. परंतु ११५० सालच्या त्यांच्या ‘बीजगणिता’त ह्या दोन गोष्टींविषयी काय म्हटले आहे, हे मात्र मी कधी सांगितले नव्हते. ऋण संख्या ही कोणाचाच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे. आणि शून्याने भागलेली राशी? तिला त्यांनी ‘खहर’ असे नाव देऊन पंक्तीत बसविले. तिच्यात काही मिळविले वा तिच्यातून काही काढले तरी ती बदलत नाही, म्हणून तिची तुलना अनंत अशा भगवंताशी केली.

म्हणजे पाहा! आमचे पाठ्यपुस्तक ज्याला दाराबाहेर उभे करते त्याला आचार्यांनी आत घेतले, आणि पुस्तक ज्याला आत घेते त्याला आचार्यांनी बाहेर ठेवले. मागच्या बाकावरचा मुलगा नकळत आचार्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता, आणि मी त्याला खाली बसविले होते. कोणी आत यावे आणि कोणी येऊ नये हे जर नुसत्या मानण्यावरच असेल, तर भास्कराचार्य चुकले आणि पुस्तक बरोबर, हे ठरवावयाचे कशावरून? माझा पहिला आक्षेप हाच आहे. ‘मानू या’ म्हणण्याची परवानगी कोठून मिळते, हे पुस्तक सांगतच नाही.

वास्तविक ते सांगणे अवघड नाही. वाड्यात नवे बिऱ्हाड घ्यावयाचे तर मालक काय पाहतो? जुन्या बिऱ्हाडांचे जे नियम आहेत ते नव्याला पाळता येतील की नाही, एवढेच. ‘एक भागिले शून्य’ला ‘के’ म्हणून जागा दिली, तर शून्य गुणिले के बरोबर एक असे म्हणावे लागते. पण शून्याने कशालाही गुणले की शून्यच येते, हा वाड्यातील जुना नियम. म्हणजे शून्य आणि एक सारखेच ठरले. एकदा ते ठरले, की पाच म्हणजे पाच गुणिले एक, म्हणजेच पाच गुणिले शून्य, म्हणजेच शून्य! एका नव्या भाडेकरूपायी सारा वाडा जमीनदोस्त झाला. उलट ‘आय’ला आत घेतले, तर बेरीज, गुणाकार, कंस सोडविणे, भागाकार ह्यांपैकी एकही नियम मोडत नाही. त्याचा वर्ग आला की तेथे उणे एक लिहावयाचे, बस्स. फक्त एका गोष्टीवर पाणी सोडावे लागते. हा पाहुणा शून्याहून मोठा की लहान, असे विचारावयाचे नाही. कारण मोठा म्हटला तरी त्याचा वर्ग धन यावा लागेल आणि लहान म्हटला तरी धनच. एवढी किंमत मोजली की बाकीचे घर शाबूत राहते. अर्थात, मानणे ही मनमानी नव्हे. प्रत्येक मानण्याची काही किंमत असते, आणि ती परवडते की नाही हे तपासावे लागते. एवढे जरी त्या मुलाला सांगितले असते, तरी बीजगणिताचा आत्मा त्याच्या हाती लागला असता.

आता थोडे मागे जाऊन, हे काम थोरामोठ्यांनी कसे केले ते पाहू. नवशिक्यांसाठी लिहिलेल्या बीजगणितांत ऑयलरचे १७७० साली जर्मन भाषेत निघालेले पुस्तक आजही आदर्श मानतात. दृष्टी जवळजवळ गेलेली असताना ऑयलरने ते एका तरुण नोकराला तोंडी सांगितले. तो पूर्वी शिंप्याकडे उमेदवारी करीत असे, आणि लिहून घेता घेता तो स्वतःच बीजगणित शिकला, असे त्या पुस्तकाच्या आरंभी सांगितलेले आहे. पुस्तक वाचताना ह्या गोष्टीवर विश्वास बसतो, इतके ते पायरीपायरीने जाते. परंतु नेमक्या आपल्या पायरीवर तोही अडखळलेला दिसतो. ऋण संख्यांची वर्गमुळे शून्याहून मोठी नाहीत, लहान नाहीत, आणि शून्यही नाहीत, हे त्याचे निरीक्षण अचूक आहे. पण त्यावरून तो म्हणतो, की म्हणून त्या अशक्य संख्या होत आणि त्यांचा वास केवळ कल्पनेत. आणि मग त्यांचा उपयोग काय? तर बाराचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार चाळीस यावा, हे उदाहरण तो घेतो. उत्तरात उणे चारचे वर्गमूळ येते, आणि त्यावरून प्रश्नच अशक्य होता हे कळते! म्हणजे काल्पनिक संख्या ही नकाराची पावती झाली. एवढ्यासाठी कोण हा खटाटोप शिकेल?

त्याच प्रकरणात उणे एकचे वर्गमूळ आणि उणे चारचे वर्गमूळ ह्यांचा गुणाकार त्याने दोन दिला आहे. आपल्या आजच्या रीतीने तो उणे दोन येतो. हा गोंधळ, की वर्गमुळाची दोन्ही चिन्हे मनात धरून केलेले लेखन, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद त्यांनी लढवावा. माझा मुद्दा शिक्षकाचा आहे. दोन वर्गमुळांचा गुणाकार म्हणजे गुणाकाराचे वर्गमूळ, हा नियम धन संख्यांच्या गावातला; तो ह्या नव्या गावात जसाच्या तसा चालत नाही. कोणते नियम बरोबर न्यावयाचे आणि कोणता मागे ठेवावयाचा, हे वेशीवरच सांगितले नाही, तर ऑयलरसारख्याच्या पुस्तकातही वाचकाला ठेच लागते. मग आमच्या अकरावीच्या पोरांनी उणे एक बरोबर एक असे ‘सिद्ध’ करून दाखविले, तर दोष कोणाचा?

ऑयलरच्या दोनशे वर्षे आधी निघालेले एक पुस्तक मला ह्याहून अधिक प्रामाणिक वाटते. बोलोन्याचा रहिवासी राफाएल बाँबेल्ली हा पेशाने स्थापत्यविशारद, दलदलीच्या जमिनी कोरड्या करण्याच्या कामावरचा माणूस. त्याचे ‘बीजगणित’ १५७२ साली छापून निघाले. त्याच्यापूर्वी १५४५ साली कार्दानोने आपल्या ग्रंथात घनसमीकरणाचे सूत्र प्रसिद्ध केले होते, आणि दहाचे दोन भाग करून गुणाकार चाळीस आणण्याच्या उदाहरणात ऋण संख्येचे वर्गमूळही लिहून दाखविले होते. पण ही करामत जितकी सूक्ष्म तितकीच निरुपयोगी, असा शेरा मारून तो मोकळा झाला होता. बाँबेल्लीने मात्र असे उदाहरण घेतले की ज्यात पळून जाण्याला वाटच नाही.

ते असे. एका संख्येचा घन तिच्या पंधरा पटीपेक्षा चारने अधिक आहे. ती संख्या कोणती? फराळ करता करताही हे सुटेल. चारचा घन चौसष्ट. चारची पंधरा पट साठ, आणि चार मिळविले की चौसष्ट. उत्तर चार. त्यात कल्पनेचा लवलेश नाही. पण हेच उदाहरण कार्दानोच्या सूत्रात घाला, आणि उत्तर येते ते असे: ‘दोन अधिक उणे एकशे एकवीसचे वर्गमूळ’ ह्याचे घनमूळ, आणि ‘दोन उणे उणे एकशे एकवीसचे वर्गमूळ’ ह्याचे घनमूळ, ह्या दोहोंची बेरीज. आता काय म्हणावयाचे? ‘मुळे नाहीत’ असे म्हणून रेघ मारता येत नाही. कारण चार हे मूळ समोर बसलेले आहे. सूत्र खोटे म्हणावे, तर ते इतरत्र अचूक चालते.

बाँबेल्लीने ह्या अक्राळविक्राळ दिसणाऱ्या संख्यांना नेहमीच्या नियमांनी वागवून पाहिले. आपल्या चिन्हात सांगावयाचे तर, दोन अधिक आयचा वर्ग तीन अधिक चार आय. त्याला पुन्हा दोन अधिक आयने गुणले की दोन अधिक अकरा आय. आणि अकरा आय म्हणजेच उणे एकशे एकवीसचे वर्गमूळ. तेव्हा पहिले घनमूळ दोन अधिक आय, दुसरे दोन उणे आय; बेरीज केली की आय आणि उणे आय एकमेकांना खाऊन टाकतात आणि चार हात जोडून उभे राहतात. हे सारे आपल्याला प्रथम खऱ्यापेक्षा शब्दच्छलच वाटले होते, अशी कबुलीही त्याने दिली आहे. लेखक म्हणून मला तो येथे फार जवळचा वाटतो. वाचकाच्या मनात जी शंका येणार, ती त्याने आधी स्वतःची म्हणून मांडली. पाठ्यपुस्तकात ही माणुसकी सापडत नाही.

लहानपणी बेरीज करताना आपण ‘हातचा एक’ धरीत होतो. तो हातचा उत्तरात कोठे वेगळा दिसत नाही. पण त्याच्यावाचून उत्तर येत नाही. हातचा खरा की काल्पनिक, असे कोणी विचारले नाही, कारण त्याची गरज आपण बोटांवर अनुभवली होती. बाँबेल्लीचा ‘आय’ हा असा हातचा आहे. आणि म्हणूनच माझा दुसरा आक्षेप: जिथे गरज नाही अशा उदाहरणापासून पुस्तक आरंभ करते. ‘क्षचा वर्ग अधिक एक बरोबर शून्य’ ह्याला उत्तर नसले म्हणून मुलाचे काय अडले? त्याने दहावीत सुखाने रेघ मारली होतीच. ज्याचे अडलेले नाही त्याला किल्ली देऊन काय उपयोग? आधी कुलूप दाखवा.

तिसरी गोष्ट जागेची. गरज पटली, परवानगी मिळाली, तरी मुलगा विचारणार, की ही संख्या आहे तरी कोठे? ह्याचे उत्तर १७९७ साली व्हेसेल नावाच्या नॉर्वेजियन भूमापकाने कोपनहेगनच्या विद्वत्सभेपुढे मांडले आणि १८०६ साली पॅरिसमध्ये आर्गां ह्याने स्वतंत्रपणे मांडले. ते कवायतीच्या मैदानावर दाखविता येते. संख्यांची सरळ रेघ आखा. उजवीकडे धन, डावीकडे ऋण, मध्ये शून्य. शून्यावर उजवीकडे तोंड करून उभे राहा. उणे एकने गुणणे म्हणजे ‘अबाउट टर्न’. दोनदा केले की तोंड होते तिकडेच. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, ते हेच. आता असा एक हुकूम शोधा की तो दोनदा दिल्याने एक ‘अबाउट टर्न’ होईल. पाचवीतला मुलगाही सांगेल, ‘लेफ्ट टर्न’! तोच ‘आय’. तो रेघेवर नाही, रेघेच्या बाजूला आहे. शून्याहून मोठा नाही, लहान नाही आणि शून्यही नाही, ह्या ऑयलरच्या निरीक्षणाचा अर्थ ‘अशक्य’ असा नव्हता. ‘बाजूला पाहा’ एवढाच होता.

हे चित्र मोहक आहे, आणि अलीकडे काही उत्साही शिक्षक आरंभच ह्या चित्रापासून करतात. ते पुस्तकापेक्षा बरे, हे निर्विवाद; पण मला ते पुरेसे वाटत नाही. जागा आधी दाखविली आणि गरज मागाहून, तर मुलाला तो एक गमतीचा खेळ वाटतो आणि खेळ संपला की तो घरी जातो. क्रम असा हवा: आधी बाँबेल्लीचे कुलूप, मग वाड्याचे नियम, मग कवायतीचे मैदान, आणि नाव सर्वांत शेवटी.

नावाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही. ‘काल्पनिक’ हे विशेषण १६३७ साली देकार्तने वापरले, ते काही कौतुकाने नव्हे. १८३१ साली गाउसने तक्रार केली, की ह्या संख्यांभोवतीचे धुके बव्हंशी वाईट नावांमुळे आहे; अधिक एक, उणे एक आणि उणे एकचे वर्गमूळ ह्यांना सुलट, उलट आणि बाजूचा अशी नावे असती तर गूढ उरलेच नसते. त्याचे कोणी ऐकले नाही. मराठीत संपूर्ण कुटुंबाला ‘संमिश्र संख्या’ म्हणतात, आणि ‘सदसत् संख्या’ असाही एक शब्द वापरला गेला आहे. तो कानाला भारदस्त लागतो. पण ‘असत्’ म्हटल्यावर मुलाने तिच्यावर विश्वास का ठेवावा? नाव बदलणे आता आपल्या हाती नाही. मात्र हे नाव एका रागावलेल्या माणसाने ठेवलेले टोपणनाव आहे, एवढे तरी मुलाला सांगता येते.

आणि ह्या ‘असत्’ संख्यांचे सत्कार्य पाहावयाचे तर आज दारावरच्या विजेच्या माळेकडे पाहावे. घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेते. अशा विजेचे हिशेब ‘आय’च्या साहाय्याने सोपे होतात, हे स्टाइनमेट्झने १८९३ साली शिकागोच्या परिषदेत दाखविले आणि तेव्हापासून जगभरचे वीजतंत्रज्ञ ह्याच रीतीने हिशेब करतात. त्यांच्या व्यवहारात ‘आय’ हे अक्षर विद्युत्प्रवाहासाठी आधीच गुंतलेले, म्हणून ते ‘जे’ लिहितात, एवढाच फरक. 

गेल्या दिवाळीत माझी नात घरी आली होती. ती अकरावीत होती. तिचे पुस्तक मी चाळले. तेच वाक्य, तीच ‘मानू या’. मी तिला विचारले, “हे वाचताना तुला काही खटकलं का गं?” ती म्हणाली, “नाही आजोबा. आयचा वर्ग आला की उणे एक लिहायचं. मला पैकीच्या पैकी गुण आहेत त्यात.” त्या उत्तराने मी जितका खचलो तितका १९८८ मध्ये त्या मुलाच्या प्रश्नानेही खचलो नव्हतो. त्याला मी गप्प बसविले होते. हिला गप्प बसविण्याची वेळच आली नव्हती. जे वाक्य प्रश्न उमटूच देत नाही, ते चुकीच्या वाक्यापेक्षाही घातक, हा माझा अखेरचा अभिप्राय.

मग भाऊबीजेच्या दुपारी, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, मी तिच्यापुढे बाँबेल्लीचे उदाहरण मांडले. चार तिला पटकन सापडले. सूत्रातून ते भेसूर वर्गमूळ निघाले तेव्हा तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोन अधिक आयचा घन तिने स्वतः केला, आणि आय व उणे आय उडाल्यावर ती नुसतीच कागदाकडे बघत राहिली. मग अंगणात जाऊन आम्ही ‘लेफ्ट टर्न’ केले. माझे गुडघे कुरकुरले, शेजारचे लोक पाहत राहिले. परत येऊन तिने करंजी उचलली, अर्धी खाल्ली, आणि म्हणाली, “आजोबा, रेघेच्या बाजूला संख्या मिळाल्या. मग वरच्या दिशेला का नाही मिळणार?”

डब्लिनच्या हॅमिल्टनला ह्याच प्रश्नाने वर्षानुवर्षे छळले होते. त्याची मुले सकाळी न्याहारीला त्याला विचारीत, की बाबा, तुम्हाला तीन-तीनच्या जोड्यांचा गुणाकार जमला का? आणि तो मान हलवून नाही म्हणे. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी कालव्याच्या काठाने जाताना त्याला उत्तर सुचले. तीन दिशांनी भागत नाही, चार लागतात. आणि त्यांची किंमत म्हणून गुणाकारातील क्रम बदलला तरी उत्तर तेच, ह्या नियमावर पाणी सोडावे लागते.

हे सगळे माझ्या ओठांवर आले होते. पण मी ते गिळले. “तू करून बघ,” मी म्हणालो, “आणि काय मोडतं ते मला सांग.” ती कॅलेंडरचे दुसरे पान फाडून बसली. संध्याकाळी ओवाळणीसाठी तिला तीनदा हाका माराव्या लागल्या.